भुकेल्याने शीत पाहू नये

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन दीवला जाण्याचा योग आला. बडोद्याहून निघालो तेव्हा त्याच्या मनात समुद्र होता आणि माझ्या मनात तेथील एक टेकडी. त्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक उभे आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर सोडून ही नौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. नौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत नौका सोडली नाही. स्मारकात काचेच्या घरात त्या नौकेची प्रतिकृती ठेवली आहे. वारा जोराचा होता, काचेवर खारट धूर साचला होता आणि त्या धुरातून ती नौका पाहताना मी बराच वेळ काही बोललो नाही.

नातू काचेभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि त्याने विचारले, “आजोबा, ही छोटी बोट मोठी बांधायच्या आधी केली, की मोठी बुडाल्यावर?”

मी म्हणालो, “ही नंतरची. आठवण म्हणून केलेली. पण आधीही एक करतात, बाळा. फक्त त्या आधीच्या बोटीला कुणी काचेच्या घरात ठेवत नाही.”

त्याचे समाधान झाले आणि तो पायऱ्या उतरून वाळूकडे पळाला. माझे मात्र झाले नाही. कारण त्या ‘आधीच्या’ बोटींच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. युद्धनौका बांधायची ठरली की पहिला खिळा ठोकण्यापूर्वी कित्येक वर्षे तिची अपेक्षांची यादी तयार होत असते. तिने किती वेगाने जावे, किती मोठ्या लाटेत टिकावे, किती तोफा वाहाव्यात, एक घाव बसल्यावर लढावे की परतावे, हे सारे त्या यादीत लिहिले जाते. हे आकडे कुणाच्या स्वप्नात येत नाहीत. ते लुटुपुटीच्या नौका लुटुपुटीच्या समुद्रात सोडून आणि लुटुपुटीच्या शत्रूशी लढवून काढावे लागतात. आमच्या कामात त्याला ‘सिम्युलेशन’ म्हणत. त्यासाठी मराठीत पारिभाषिक शब्द आहेत. पण मला स्वतःला त्या कामाचे खरे वर्णन सापडले ते दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात.

आमची आजी पितळी तपेल्यात भात शिजवी. घड्याळ तिच्याजवळ नव्हते. झाकण बाजूला सारून पळीने एक शीत काढायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबायचे, आणि मग निर्णय. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण सारेच जाणतो. पण त्या परीक्षेचे नियम मात्र स्वयंपाकघराबाहेर फारसे कुणी सांगत नाही. आजीचा पहिला नियम असा, की शीत वरचे घ्यायचे नाही, कडेचेही घ्यायचे नाही; पळी मध्यात खोल घालायची. आणि दुसरा नियम मला शाळेच्या एका दुपारी कळला. भुकेने व्याकूळ होऊन मी चुलीपाशी उभा होतो. तिने मला शीत पाहायला सांगितले. मी ते दाबले आणि म्हणालो, “झाला भात.” तिने हसून माझ्या आईला हाक मारली, “सूनबाई, तू बघ गं. भुकेल्याने शीत पाहू नये, त्याला कच्चे कळत नाही.” आईने पाहिले. भात कच्चा होता.

या दोन नियमांची किंमत जगातील आरमारांनी फार मोठी मोजली आहे. १८७० साली ब्रिटिश आरमारात ‘कॅप्टन’ नावाची एक नवी युद्धनौका दाखल झाली होती. कूपर कोल्स या अधिकाऱ्याचा असा आग्रह होता, की फिरत्या मनोऱ्यात तोफा बसवलेली आणि पाण्याच्या वर फार थोडी उंची उरणारी नौकाच पुढच्या युद्धांत टिकेल. वृत्तपत्रे आणि लोकमत त्याच्या बाजूने होते. आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड विरोधात होते. नौका अपेक्षेपेक्षा जड झाली. तिची बाजू पाण्याबाहेर ८ फूट राहावी असे आराखड्यात होते, प्रत्यक्षात ती सुमारे साडेसहा फूटच उरली. त्यावर उंच डोलकाठ्या आणि संपूर्ण शिडांचा भार. १८७० च्या उन्हाळ्यात नौका एका बाजूला थोडी कलवून तिची चाचणी घेण्यात आली; पण त्या चाचणीवरून करावयाचे गणित पुरे होईपर्यंत ती समुद्रावर निघून गेली होती. गणिताचे उत्तर असे होते, की सुमारे २१ अंशांपर्यंत कलली तोवर तिचे सावरण्याचे बळ वाढत जाईल, त्यानंतर मात्र ते ओसरू लागेल. तिच्यासोबतच्या ‘मोनार्क’ नौकेचे हेच बळ सुमारे ४० अंशांपर्यंत वाढत होते. ७ सप्टेंबर १८७० च्या मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळ आले. ‘मोनार्क’ त्यातून बाहेर आली, ‘कॅप्टन’ उलटली. सुमारे पावणेपाचशे माणसे बुडाली, त्यांत स्वतः कोल्सही होते. वाचले केवळ १८.

येथे कागदावरच्या परीक्षेने उत्तर चुकीचे दिले नव्हते. उत्तर बरोबर होते. ते येण्यापूर्वी ताट वाढले गेले होते, एवढेच.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने युद्धनौकांच्या आराखड्यांचा विचार करण्यासाठी १८७१ साली एक समिती नेमली. अध्यक्ष होते लॉर्ड डफरिन, जे पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. सभासदांत विल्यम थॉमसन होते, ज्यांना आपण पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखतो. आणि त्यांच्याशेजारी बसत विल्यम फ्रूड नावाचे एक शांत गृहस्थ. फ्रूड हे मूळचे रेल्वेचे अभियंते. नौकेची छोटी प्रतिकृती ओढून पाहिली तर मोठ्या नौकेविषयी काही कळते का, या एका प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्या काळच्या नामांकित नौकारचनाकारांचा प्रतिकृतींवर विश्वास नव्हता. आणि त्यांचे कारण अगदीच पोकळ नव्हते. लहान बोट ओढली, तिला लागलेला जोर मोजला आणि तो सरळ पटीने वाढवला, की येणारे उत्तर प्रत्यक्षाशी जुळत नसे. शीत एक सांगे, भात दुसरेच.

फ्रूड यांनी १८६७ मध्ये डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन घाटांच्या प्रतिकृती ३, ६ आणि १२ फूट अशा तीन मापांत करून ओढून पाहिल्या. त्यांच्या ध्यानात आले, की लहान आणि मोठ्या नौकेच्या लाटा सारख्या दिसाव्यात असे वाटत असेल तर दोघींचा वेग एक ठेवून चालणार नाही. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवायला हवा. प्रतिकृती नौकेच्या सोळाव्या हिश्श्याची असेल तर तिला नौकेच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने ओढावे. मग तिच्या भोवतीच्या लाटा मोठ्या नौकेच्या लाटांचीच लहान आवृत्ती होतात. पण याहून मोलाची गोष्ट त्यांनी पुढे केली. पाण्याशी होणारे घर्षण या नियमात बसत नाही हे त्यांनी ओळखले. ते त्यांनी वेगळे काढले, निरनिराळ्या लांबीच्या आणि निरनिराळ्या पृष्ठभागाच्या फळ्या पाण्यातून ओढून त्याचे वेगळे मोजमाप केले, आणि मग दोन्हींची बेरीज केली. शीत भाताविषयी काय सांगू शकते एवढेच नव्हे, तर काय सांगू शकत नाही याचाही हिशेब मांडणारा हा पहिला स्वयंपाकी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आरमाराने त्यांना २,००० पौंड मंजूर केले. टॉर्की येथे आपल्या घराशेजारी फ्रूड यांनी २७८ फूट लांबीचा हौद बांधला आणि १८७२ पासून तेथे पॅराफिन मेणाच्या नौका ओढल्या जाऊ लागल्या. मेण अशासाठी, की घाट बदलावासा वाटला तर ते तासता येते आणि पुन्हा वितळवून वापरता येते. परंतु केवळ हौदावर ते विसंबले नाहीत. ‘ग्रेहाउंड’ ही खरीखुरी युद्धनौका ‘अॅक्टिव्ह’ या दुसऱ्या नौकेकडून समुद्रात ओढवून त्यांनी दोरावरील ताण मोजला, आणि हौदातील भाकिताशी तो ताडून पाहिला. १८७४ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढच्या दीडशे वर्षांच्या नौकारचनेचा पाया घातला गेला. १८७९ साली दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाउन येथे फ्रूड वारले.

नौका पाण्यावर कशी तरंगेल हे हौद सांगतो. ती कशी लढेल हे हौद सांगत नाही. त्यासाठी निराळी लुटुपुट लागते. अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे १८८४ साली नौदलाचे युद्धविद्यालय स्थापन झाले आणि तेथे विल्यम मॅकार्टी लिटल यांनी आखलेल्या पटावर, छोट्या नौका सरकवीत आणि सारीपाटासारखे फासे टाकीत युद्धखेळ रूढ केले. १९०८ च्या उन्हाळ्यात त्याच न्यूपोर्टमध्ये, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत, युद्धनौकांच्या आराखड्यांवर परिषद भरली. नौका कशी असावी हे केवळ बांधणाऱ्याने ठरवायचे की लढणाऱ्यानेही, हा तेथील वाद होता. तो आजही मिटलेला नाही.

पण पटावरच्या खेळात एक दोष आहे, जो हौदात नाही. हौदातील पाणी कुणाचा हुद्दा ओळखत नाही. पटावरचा पंच ओळखतो. मे १९४२ मध्ये जपानच्या ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम झाली. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार, त्या खेळात फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पाडले आणि ‘आकागी’ व ‘कागा’ बुडाल्याचे जाहीर झाले. तेव्हा खेळाचे सूत्रधार, नौसेनापती उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘आकागी’ वाचली. ‘कागा’ बुडालेली राहिली. पण मोहिमेच्या पुढच्या टप्प्याचा खेळ सुरू झाला तेव्हा तीही पटावर परत आली होती. महिन्याभराने, ४ आणि ५ जून रोजी, मिडवेजवळ ‘आकागी’ आणि ‘कागा’सह चार विमानवाहू नौका जपानने गमावल्या. पटावर बुडालेली नौका बोटाच्या चिमटीने वर काढता येते. समुद्रात तशी चिमट नसते.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले ते नोकरीच्या उत्तरार्धात. पूर्वार्धात मी जे केले ते सांगण्यासाठी खरे तर हा लेख.

क्षेपणास्त्रांच्या युगात नौकांच्या लढाईचे गणित फार सोपे आणि फार क्रूर झाले. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या लहानशा नौकांनी इस्रायलची ‘ऐलात’ ही विनाशिका क्षेपणास्त्रांनी बुडवली; ४७ माणसे गेली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या छोट्या नौकांनी कराचीसमोर हेच केले आणि ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. या प्रकारच्या लढाईचे सूत्र अमेरिकी नौदलातील निवृत्त कप्तान वेन ह्यूज यांनी आपल्या १९८६ च्या ग्रंथात आणि पुढे १९९५ च्या शोधनिबंधात मांडले. ते शाळकरी मुलालाही समजावे असे आहे. समजा, एका बाजूला ३ नौका आहेत आणि प्रत्येकीची २ क्षेपणास्त्रे नेमकी नेम धरून येतात, एकूण ६. दुसऱ्या बाजूला २ नौका आहेत आणि प्रत्येकी २ क्षेपणास्त्रे हवेतच पाडू शकते; एकूण ४. उरली २. एका आघाताने एक नौका निकामी होत असेल तर दोन्ही गेल्या. आता एकच आकडा बदला. प्रत्येकी २ ऐवजी ३ पाडू शकते असे लिहा. सहातून सहा गेले, उरले शून्य. कुणालाही ओरखडा नाही. सर्वनाश आणि संपूर्ण सुरक्षितता यांच्यामध्ये फक्त एका आकड्याचे अंतर आहे, आणि तो आकडा कुठून आणायचा हे सूत्र सांगत नाही.

माझ्यापुढे असाच एक आकडा आला होता. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि ती नौका कधी बांधलीही गेली नाही. एका लहान युद्धनौकेवर येणारी क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी एक तोफ पुरे की दोन हव्यात, एवढाच प्रश्न होता. दुसरी तोफ घेतली तर वजन वाढणार, इंधन कमी होणार, पल्ला घटणार. तोफेच्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात लिहिले होते, की दहांपैकी आठ लक्ष्ये पडतात. मी त्या चाचण्यांची परिस्थिती वाचली. शांत समुद्र, लख्ख दिवस, आणि लक्ष्य कुठून कधी येणार हे तोफेवरच्या माणसांना ठाऊक. मी विचार केला, की रात्र असेल, पाऊस असेल, नौका डोलत असेल, माणसे अठरा तास जागी असतील. मी माझ्या गणितात दहांपैकी पाच धरले. उत्तर आले, दोन तोफा हव्यात.

आमच्या साहेबांनी मला बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो. ते म्हणाले, “त्यांचा आकडा छापील आहे, तुमचा आकडा तुमच्या मनातला आहे. उद्या मला कुणी विचारले, की हे पाच कुठून आणले, तर मी काय सांगू?” मला उत्तर देता आले नाही. खरोखरच ते पाच माझ्या मनातलेच होते. मी पाचाचे आठ केले. उत्तर आले, एक तोफ पुरे. सर्वांना तेच हवे होते. वजन वाचले, पल्ला राहिला, बैठक वेळेवर संपली. आठ हा आकडा परिशिष्टातील एका तक्त्यात, इतर तीसेक आकड्यांच्या रांगेत निमूटपणे बसला. तो कुठल्या पाण्यातून आला आहे हे त्या तक्त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मुख्य अहवालात मात्र एक सुंदर आलेख होता.

पुढे प्रकल्प कागदावरच मिटला. कुणाचेही नुकसान झाले नाही. असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे आणि ते खरेही आहे. पण ती नौका बांधली गेली असती, तिच्यावर शंभरएक मुले चढली असती, तर त्यांच्यापैकी कुणालाही हे कळले नसते, की त्यांच्या डोक्यावरचे छत एका शांत, उजेडाच्या दुपारी मोजलेले आहे.

साहेबांचा युक्तिवाद मी अनेक वर्षे मनात घोळवला. छापील आकड्यापुढे मनातला आकडा टिकत नाही हे त्यांचे म्हणणे मला आजही निरुत्तर करते. मात्र त्या वेळी मला एक तिसरी वाट दिसली नाही, ती आज दिसते. पाच की आठ, यांतून एक निवडणे हे माझे काम नव्हतेच. पाच धरले तर दोन तोफा, आठ धरले तर एक, आणि या दोहोंच्या मध्ये अमुक एका ठिकाणी उत्तर बदलते, हे तिन्ही सांगणे एवढेच माझे काम होते. निवड त्यांनी करायची होती, ज्यांच्या हाती ती सोपवलेली होती. पण उघड्या डोळ्यांनी. फ्रूड यांनी घर्षण वेगळे काढून बाजूला मांडले, तसे मी माझे अज्ञान वेगळे काढून बाजूला मांडायला हवे होते. मी ते आठाच्या पोटात लपवले.

आणि लपवण्याचे कारण भय नव्हते, हे कबूल करायला हवे. मलाही बैठक वेळेवर संपायला हवी होती. अहवाल मंजूर व्हावा, नाव व्हावे, बढती व्हावी, असे वाटण्याचे ते वय होते. मी भुकेला होतो. शीत बोटांत होते, ते कडक लागत होते, आणि मी म्हणालो, झाला भात.

दीवच्या टेकडीवर संध्याकाळ झाली तेव्हा नातू वाळूने भरलेल्या चपला हातात घेऊन वर आला. परतीच्या वाटेवर त्याने पुन्हा विचारले, “आधीची बोट बुडाली तर काय करतात, आजोबा?” मी म्हणालो, “आनंद मानायचा असतो. कारण तिच्यात कुणी बसलेले नसते.” त्याला ते पटले की नाही, कळले नाही. मला ते कळायला चाळीस वर्षे लागली.

त्या तक्त्यातील आठाच्या खाली एक ओळ असायला हवी होती. ती लिहिण्याचा अधिकार आता मला नाही आणि ते पान कुठल्या कपाटात असेल तेही मी जाणत नाही. म्हणून ती येथे लिहितो: हा आकडा शांत समुद्रावर, दिवसाउजेडी, लक्ष्याची पूर्वसूचना असताना मोजलेला आहे, रात्रीच्या वादळासाठी तो धरू नये.